मा युडोराचा मेलेला नवरा

मा युडोरा लारोंदचा नवरा पंचवीस वर्षं मरत होता. पर्यटकांच्या जहाजांच्या हंगामात, म्हणजे नोव्हेंबर ते एप्रिल, आठवड्यातून चार वेळा तरी मरायचा. उन्हाळ्यात जहाजं नसायची, तेवढाच काय तो जीवाला आराम.

आमच्या बेटावरच्या रोझो गावच्या बागेत एक पिवळी शाळेची बस आहे. एकोणऐंशीच्या डेव्हिड वादळात तिच्यावर अख्खं गोरखचिंचेचं झाड कोसळलं. बसचा पार पापड झाला. झाड मात्र मेलं नाही, तिथंच आडवं वाढत राहिलं. बसमध्ये त्या वेळी चिटपाखरू नव्हतं, हे गावातलं शेंबडं पोरही सांगेल. पण जहाजावरच्या पाहुण्यांना गावातली शेंबडी पोरं भेटत नाहीत, त्यांना मा युडोरा भेटायची. ती आपली हिरवी व्हॅन बसपाशी उभी करायची, डोक्यावरची पुरुषी हॅट काढायची आणि म्हणायची, "या बसमध्ये माझा एवरार्ड गेला."

कसा गेला, ते पाहुण्यांवर अवलंबून. अमेरिकन असले की तो दोन नन्सना बाहेर काढून मग मरायचा. इंग्रज असले की कुत्र्यासाठी परत आत शिरायचा. जर्मन मंडळींसमोर तो बसचे ब्रेक नीट लागलेत का ते बघायला गेलेला असायचा. बायका हमसून रडायच्या. आम्ही बाकीचे ड्रायव्हर लांब उभे राहून खोकल्याच्या नावाखाली हसायचो.

खरी गोष्ट निराळी होती. त्या वादळात यांच्या घराचं छप्पर उडालं. लग्नाला वर्षही झालं नव्हतं. बेटावर पत्रा औषधाला मिळेना, म्हणून तिसऱ्या आठवड्यात एवरार्ड बोटीनं शेजारच्या ग्वाडेलूप बेटावर पत्रे आणायला गेला. गेला तो गेलाच. पुढची दोन वर्षं युडोरा बाजारात दिसली की कुणीतरी हमखास ओरडायचं, "काय गं युडोरा, आले का पत्रे?" ती ताडपत्रीखाली राहिली, सासूला सांभाळलं, मग स्वतःच्या हातानं छप्पर घातलं. पुढं व्हॅन घेतली. पहिल्याच फेरीत एका बाईनं बस बघून विचारलं, "यात कुणी मेलं का हो?" युडोराच्या तोंडून निघून गेलं, "माझा नवरा." बाईनं तिला मिठी मारली आणि ढसाढसा रडली.

"इगी," ती मला एकदा म्हणाली होती, "गावात माझ्यावर सगळे हसले. रडलं कुणीच नव्हतं. मग काय, बरं वाटलं."

मी तिच्याहून चार-पाच वर्षांनी लहान. रांगेत माझी व्हॅन तिच्या मागं लागायची. त्या जानेवारीत माझा गिअरबॉक्स बसला होता आणि मी धक्क्यावर नुसता बसून होतो. ती म्हणाली, "दात कोरत बसण्यापेक्षा चल माझ्याबरोबर. शहाळी फोड आणि पाय मुरगळलेल्यांना हात दे." म्हणून मी त्या दिवशी व्हॅनमध्ये होतो. नाहीतर ही गोष्ट मला तिच्याकडून ऐकावी लागली असती, आणि तिच्या गोष्टींचं खरं-खोटं तुम्हाला आता कळलंच आहे.

सकाळी आठला जहाज लागलं. आमच्या गावातल्या कुठल्याही इमारतीपेक्षा उंच. धक्क्यावर व्हॅनचे नंबर पुकारणाऱ्यानं आमच्या व्हॅनला सहा माणसं दिली. कॅनडाचं एक जोडपं, त्यातला नवरा सारखा फोटो काढणारा. दोन म्हाताऱ्या बहिणी. आणि अमेरिकेतल्या टँपाची डार्लीन, तिच्या नवऱ्याला घेऊन. डार्लीन चांगली धिप्पाड, डोक्याला गुलाबी टोपी. तीस वर्षं शाळेच्या मुलांचा स्वयंपाक केलेली बाई. आवाज असा की जहाजाला भोंग्याची गरज नाही. नवरा मात्र काळा चष्मा, कानापर्यंत ओढलेली गवताची हॅट आणि पोटावर हात, असा मागं मागं.

"याचं पोट दुखतंय म्हणे," डार्लीन म्हणाली. "चार दिवस जहाजावर पाच-पाच वेळा जेवला तेव्हा दुखलं नाही. आज सकाळी हे बेट दिसलं आणि याला कळा सुरू. मी म्हटलं, एडी, पैसे भरलेत, मेलास तरी उतरायचं."

मा युडोराच्या हातातून किल्ली पडली. तिनं ती उचलली. परत पडली. मग तिनं मान वर करून त्या माणसाकडे नीट बघितलं.

"कुठले म्हणायचे साहेब?"

"टँपा."

"नाही, मूळचे कुठले?"

"ट्रिनिदाद," तो पुटपुटला.

"वा. ट्रिनिदादमध्ये पोट दुखलं की काय करतात? आमच्याकडे डोंगर चढायला लावतात." तिनं दार उघडलं. "पोटवाल्यांनी पुढं बसायचं. माझ्या शेजारी."

रोज आम्ही आधी धबधबा करायचो आणि बस शेवटी. त्या दिवशी तिनं व्हॅन थेट बागेत घातली. मी म्हटलं, "मा, आज उलटं का?" ती म्हणाली, "आज मयत ताजं आहे."

मला काही कळलं नाही. वाटलं, ऊन लागलं असेल.

एवरार्डला मरताना मी शेकडो वेळा पाहिलं होतं, पण त्या दिवशीचं मरण काही और होतं. त्यात नन्स नव्हत्या, कुत्रा नव्हता. ती बसच्या चेपलेल्या टपावर हात ठेवून म्हणाली, "माझा नवरा या बसमध्ये लपला होता. घराचं छप्पर उडत होतं, आतून बायको आणि आई हाका मारत होत्या, आणि हा इथं येऊन सीटखाली शिरला. वर हे झाड आलं."

कॅनडावाल्यानं कॅमेरा खाली घेतला. अशी गोष्ट त्याला अपेक्षित नसावी.

"कसा दिसायचा हो?" धाकट्या बहिणीनं विचारलं.

"उंचीनं बेताचा. दात बरे होते. डावा कान वरून दुमडलेला, करंजीसारखा."

टँपाच्या एडीनं हॅट डाव्या बाजूला आणखी खाली ओढली.

सतरा वर्षांचा असताना मला डॉमिनो खेळायला कुणी शिकवलं? एवरार्डनं. समोर बसून त्याच्या त्या करंजीकडे मी तासन्‌तास बघितलं होतं. मी मा युडोराकडे पाहिलं. तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तोंड मिटून टाकलं.

डार्लीन डोळे पुसत होती. "पण स्वभावानं चांगला होता ना हो?"

"मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात. पण तो जिवंतपणीच आळशी होता, त्याला मी काय करू?"

"आळशी कशावरून?" एडी एकदम बोलून गेला.

सगळे त्याच्याकडे वळले.

"तुम्ही ओळखत होता का त्याला?" मा युडोरानं विचारलं.

"न... नाही."

"मग गप उभे राहा."

"एडी, लाज वाटू दे," डार्लीन म्हणाली. "बाईचा नवरा मेलाय इथं. चला, सगळ्यांनी त्या बिचाऱ्यासाठी एक मिनिट शांत उभं राहू या. हॅट काढ! एडी, हॅट!"

मग काय करतो? काढली. स्वतःच्या मरणाला एक हात छातीवर आणि एक हात डाव्या कानावर ठेवून तो मिनिटभर उभा राहिला. मी बसच्या मागं गेलो आणि शर्टाची बाही तोंडात कोंबली. हसू येत होतं आणि भीतीही वाटत होती, दोन्ही एकदम. मिनिट संपल्यावर थोरल्या बहिणीनं हलक्या आवाजात "आमेन" म्हटलं. एडीही म्हणाला.

तिथून आम्ही वॉटन वेव्हनला, गरम पाण्याच्या कुंडांवर गेलो. उतारावर शेवाळ होतं. मी हात पुढं केला, पण एडीला माझ्याकडे बघायचं नव्हतं. पाय सटकला, आणि खाली बसता बसता त्याच्या तोंडून खणखणीत निघालं, "मेझानमी!"

आमच्या क्रिओल बोलीत माणूस पडला, भाजला, घाबरला की हेच म्हणतो. आईच्या दुधाबरोबर आलेला शब्द तो, टँपाच्या पाण्यानं थोडाच धुतला जातो?

"काय म्हणालास?" डार्लीननं विचारलं.

"प्रार्थना होती. ट्रिनिदादची."

डार्लीन, दोघी बहिणी आणि कॅनडाची बाई गळ्यापर्यंत गरम पाण्यात जाऊन बसल्या आणि तोंडाला राखाडी चिखल फासून खिदळायला लागल्या. कॅनडावाला वाफेचे फोटो काढत होता. कुंडाच्या वरच्या अंगाला एक बाक आहे. एडी तिथं बसला. मा युडोरा त्याच्या शेजारी जाऊन बसली. मी चार हातांवर कोयत्यानं शहाळी फोडत होतो. एकेक शहाळं फोडायला मला त्या दिवशी फार वेळ लागला.

ती क्रिओलमध्ये बोलली. "पत्रे कुठायत?"

मग तोही क्रिओलमध्येच, अडखळत म्हणाला, "युडोरा, मला वाटलं तू ओळखणार नाहीस."

"तुझी ढेरी ओळखली नाही. बाकी सगळं होतं तसंच आहे. कान, आणि पाठ. पाठ तर आधी ओळखली, शेवटची तीच पाहिली होती ना मी."

"ग्वाडेलूपला पत्रे होते," तो म्हणाला. "रांग होती. रांगेत आपल्या गावचा एक भेटला, सेंट थॉमस बेटावर बांधकामाला निघालेला. म्हणाला, महिनाभर चल, पैसे करून मग छप्परच काय, घर बांध. मी गेलो. महिन्याचे दोन झाले. मग मला वाटलं, आता रिकाम्या हातानं कसं जायचं. मग वर्ष झालं. मग वाटलं, आता तर कुठल्याच हातानं नाही जाता येणार."

"एक चिठ्ठी?"

"लिहिल्या. टाकल्या नाहीत."

"म्हणजे आळशीच."

त्यानं हॅट काढून गुडघ्यावर ठेवली.

"आणि ही?" तिनं हनुवटीनं कुंडाकडे दाखवलं. "तिला माहीत आहे तू लग्न झालेला आहेस?"

"नाही."

"बघ मग. कायद्यानं ती बाई तुझी कुणीच नाही, मी तुझी बायको, आणि सगळ्या जगात मी स्वतःला तुझी विधवा म्हणवते. तू एक माणूस आणि इतका गुंता! गुरं बांधायची दावीसुद्धा बरी."

"माफ कर, युडोरा."

"मेल्या माणसानं माफी मागायची नसते. गप बस." मग थोड्या वेळानं ती निराळ्या आवाजात म्हणाली, "तुझी आई ब्याण्णव साली गेली. शेवटची तीन वर्षं अंथरुणाला होती. मी भरवायची. मी तुला बसमध्ये मारलं ना, ते तिला कधी आवडलं नाही. म्हणायची, परक्या लोकांपुढं माझ्या पोराला मारतेस, जीभ झडेल तुझी. तिला पक्कं वाटायचं तू जिवंत आहेस. तशी ती हट्टी होती."

माझ्या हातातलं शहाळं फुटून सगळं पाणी माझ्या बुटात गेलं. एडीनं चष्मा काढला होता. डोळे लाल झाले होते, आणि आता तो एडी राहिला नव्हता. आमचा एवरार्ड होता, फक्त म्हातारा.

"कुठं आहे ती?"

मा युडोरानं घड्याळ पाहिलं. "साडेचारला जहाजावर चढायचंय ना? मग धबधबा रद्द."

व्हॅनमध्ये बसल्यावर ती सगळ्यांना म्हणाली, "आता आपण पॉइंट मिशेल गावाचं ऐतिहासिक कबरस्तान बघायला जातोय."

थोरल्या बहिणीनं पर्समधून कागद काढला. "आमच्या कागदावर धबधबा आहे."

"धबधब्याला आज पाणी नाही," मा युडोरा म्हणाली. आदल्या रात्रभर पाऊस कोसळला होता आणि शेजारचा ओढा रस्त्यावरून वाहत होता, तो सगळ्यांनी पाहिला. पण तिच्याशी वाद घालायला कुणी धजलं नाही.

कबरस्तान समुद्राला लागून आहे. सिमेंटच्या साध्या कबरी, कडेनं शंख रोवलेले. मा युडोरा पुढं, मागं ही वरात. एका कबरीपाशी ती थांबली. "ही माझी सासू, सिल्व्हानी. मासे विकायची. एकदा वजनात मारणाऱ्या व्यापाऱ्याला तिनं अख्ख्या टूना माशानं बडवलं होतं. तो मासा मग कुणी विकत घेईना, म्हणून घरी आणून आम्ही दोन दिवस खाल्ला."

ही गोष्ट मात्र खरी आहे. मी तो मासा खाल्लाय.

कॅनडावाल्यानं मनापासून फोटो काढले. आणि एवरार्ड दुखऱ्या गुडघ्यावर, हळूहळू, आधी एक हात टेकून मग दुसरा, असा त्या कबरीपुढं बसला. खांदे हलायला लागले. आवाज नव्हता.

डार्लीन आधी त्याच्याकडे बघत राहिली. मग कबरीवरच्या नावाच्या दगडाकडे. जहाजावर चढायला लागतं ते कार्ड तिच्या गळ्यात होतं, ते तिनं हातात घेतलं, त्याच्यावरचं नाव वाचलं, परत दगड वाचला.

"मा," ती म्हणाली, "यावर लारोंद लिहिलंय."

"हो."

"ते माझं आडनाव आहे."

"माझंही," मा युडोरा म्हणाली.

धाकटी बहीण थोरलीच्या कानात पुटपुटली, पण थोरलीला कमी ऐकू यायचं, त्यामुळं ते सगळ्यांनाच ऐकू गेलं. "अगं, हा तर मेला होता ना?"

डार्लीननं हातातलं कार्ड सोडून दिलं. मग तिनं गुलाबी टोपी काढली, नीट घडी घातली आणि त्या घडीनं एवरार्डच्या टाळक्यात एक हाणली. फार जोरात नाही.

"तेवीस वर्षं!" ती म्हणाली. "तेवीस वर्षं मी याला रांधून घालतेय. ट्रिनिदादचे पदार्थ शिकले याच्यासाठी, पुस्तकातून! आणि हा दर वेळी म्हणायचा, आमच्याकडे असं करत नाहीत. करणार कसे? हा तिथला होताच कुठं!"

"डार्लीन, ऐक..."

"तू आईपाशी बसलायस, म्हणून आत्ता बोलत नाही. पण व्हॅनमध्ये पुढं मी बसणार."

परतीच्या वाटेवर एवरार्ड मागच्या सीटवर दोन बहिणींच्या मध्ये होता. धाकटीनं त्याला पेपरमिंटची गोळी दिली आणि थोरलीनं शिस्तीत विचारलं, "निदान फोन करायला काय झालं होतं?" तो गोळी चघळत राहिला. मेलेलं कोंबडं आगीला भीत नाही म्हणतात, पण हे कोंबडं चांगलंच भ्यालं होतं.

पुढच्या सीटवर मा युडोरा आणि डार्लीन हळू बोलत होत्या. मला तुकडे ऐकू येत होते. "...घोरतो का अजून?" "...अहो, भिंती हलतात." "...पाठीवर लाथ घालायची, थांबतो." "...मी कोपर मारते." मध्येच डार्लीन रडली. मा युडोरानं एक हात स्टिअरिंगवरून काढून तिच्या मांडीवर ठेवला आणि वळणं एका हातानं घेतली. आमच्या रस्त्यांवर हे धाडसच.

मार्केटपाशी तिनं व्हॅन थांबवली. कुणी काही खाल्लं नव्हतं. तळलेले बेक, म्हणजे आमच्या जाड पुऱ्या, खारवलेला मासा आणि अळूचं कालवण घेऊन सगळे कठड्यावर बसले. एवरार्डनं पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. डार्लीननं त्याच्याकडे बघितलं, मग स्वतःच्या हातातल्या बेककडे.

"हे कसं करतात?" तिनं मा युडोराला विचारलं. "मला नीट सांगा. आणि या वेळी खरं."

साडेचारला दहा मिनिटं कमी असताना आम्ही धक्क्यावर पोचलो. बाकीचे चारजण पटकन सटकले नाहीत. शेवटपर्यंत बघायचं होतं त्यांना. एवरार्ड मा युडोराच्या खिडकीपाशी आला आणि क्रिओलमध्ये म्हणाला, "मी राहू का?"

"कुठं?"

"इथं."

"कशाला? जा. जहाज तुझ्यासाठी थांबणार नाही. मी थांबले होते तेवढं पुष्कळ झालं." मग तिनं खिडकीतून हात बाहेर काढला आणि त्याचा दुमडलेला कान सरळ करायचा प्रयत्न केला, जसा आई करते. तो झाला नाही. "जा," ती परत म्हणाली.

डार्लीननं खिडकीतूनच मा युडोराला अशी मिठी मारली की तिची हॅट पडली. मग नवऱ्याच्या हातात सगळ्या पिशव्या देऊन ती ताठ मानेनं जहाजाकडे चालू लागली, आणि तो दहा पावलं मागून.

बातमी पसरवायचं काम मी केलं, ते नाकारत नाही. संध्याकाळपर्यंत गावभर झालं. पुढचे तीन दिवस जहाज नव्हतं. मी तिच्या डोंगरावरच्या वावरात गेलो, तर ती अळूचे कंद खणत होती.

"वाईट वाटलं का, मा?"

"वाटलं तर." तिनं घाम पुसला. "इतकी वर्षं मी त्याला काय एकेक छान मरणं दिली! नन्स काय, कुत्रा काय. आणि शेवटी निघाला कसला? गुडघे धरून बसणारा म्हातारा. माझी मेहनत वाया गेली रे."

हसली आणि मग खणायची थांबली. कुदळीच्या दांड्यावर दोन्ही हात ठेवून बराच वेळ समुद्राकडे बघत उभी राहिली. मी काही बोललो नाही. मला ते फारसं जमत नाही, पण त्या दिवशी जमलं.

मंगळवारी जहाज आलं. ती बसपाशी उभी राहिली, हॅट काढली आणि एवरार्डला पुन्हा मारलं. मी म्हटलं, "मा, आता तरी सोड. तो जिवंत आहे." ती म्हणाली, "टँपात. इथं कुठं?"

पावसाळ्यात टँपाच्या वकिलाकडून मा युडोरा आणि एवरार्डच्या घटस्फोटाचे कागद आले. डार्लीननं करवून घेतले होते. मा युडोरानं व्हॅनच्या बॉनेटवर ठेवून सही केली.

पुढच्या फेब्रुवारीत डार्लीन एकटीच आली. नंबर पुकारणाऱ्यानं तिला दुसऱ्या व्हॅनमध्ये घातलं, तर त्याला ढकलून ती हिरवी व्हॅन शोधत आली. एवरार्ड घरीच होता. परत लग्न केलंस का, असं मा युडोरानं विचारलं, तर म्हणाली, "विचार करतेय. घाई काय आहे? तोवर भांडी घासतोय बिचारा."

माझी व्हॅन तेव्हा चालू होती, पण मी नंबर सोडून त्यांच्याबरोबर गेलो. दोघी दिवसभर वॉटन वेव्हनच्या कुंडात बसल्या, तोंडाला चिखल फासून, रमचे पेले काठावर ठेवून. काय बोलत होत्या कोण जाणे, पण वरच्या वाटेवरचे लोक थांबून बघत होते, एवढं हसणं चाललं होतं. चार वाजले. मी हॉर्न वाजवला. सव्वाचार झाले. मी परत वाजवला आणि खाली जाऊन ओरडलो, "अगं बायांनो, जहाज सुटेल!"

दोघींनी एका सुरात मला शिवी घातली. डार्लीनची क्रिओलमध्ये होती, आणि उच्चार अगदी बरोबर होता.